आईनं गाळलेली ओळ

माझ्या आईचा हात जड होता. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, ओळख म्हणून सांगते. कुणाची आई गोरी असते, कुणाची गोड गळ्याची असते. माझी मारकी होती. आणि आमच्या येडशीच्या ख्रिस्ती मंडळीत तिच्याइतकी प्रार्थना करणारी दुसरी बाई नव्हती. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. आमच्या घरात त्या एकाच चुलीवर शिजायच्या.

ती जन्मानं ख्रिस्ती नव्हती. तिचं माहेर येरमाळ्याकडचं. तिच्या आईच्या अंगात देवी यायची, आणि ते बघत ती लहानाची मोठी झाली. लग्न होऊन आमच्या वडिलांच्या घरी आल्यावर तिनं बाप्तिस्मा घेतला. देव बदलला, पण त्याला धरायची रीत माहेरचीच राहिली. दोन्ही मुठी आवळून, दात खाऊन, घाम येईपर्यंत ती प्रार्थना करायची. नवीन आलेले पाळकसाहेब तिला पहिल्यांदा बघून घाबरले होते म्हणे.

प्रार्थनेत मी डोळे उघडले की तिची चापट बसायची. माझे डोळे उघडे आहेत हे तिला मिटल्या डोळ्यांनी कसं कळतं, हे विचारल्याबद्दल आणखी एक बसायची. नाताळात चुलतमामा पिऊन मंदिरात (चर्चला आम्ही मंदिरच म्हणायचो) आला तेव्हा तिनं त्याला शेंडीला धरून बाहेर काढलं आणि पायरीवरच बडवला. एकदा उपासना चालू असताना आढ्यावरून साप पडला. सगळी मंडळी बाकांवर चढली. आईनं दारामागचा हातोडा घेतला, सापाचं डोकं जमिनीत बसवलं, शेपूट धरून तो बाहेर फेकला आणि परत जागेवर येऊन म्हणाली, “साहेब, व्हा पुढं.” तिच्या पदरावर रक्ताचे शिंतोडे तसेच होते.

मंदिर म्हणजे काय, तर मातीच्या भिंती, वर पत्रा, एक दार आणि एक गज लावलेली खिडकी. दाराला आतून कडी होती. शिवाय बाभळीच्या लाकडाचा एक अडसर होता, कारण पूर्वी तिथं धान्य ठेवायचे. दाराच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी आकड्यांत तो उचलून ठेवावा लागायचा. एका हाताचं काम नव्हतं ते. रोज कुणी तो घालतही नसे; कोपऱ्यात उभा असायचा.

वडील छोट्या गाडीच्या रुळांवर गँगमन होते. दिवसभर रूळ ठोकत, खिळे तपासत ते ढोकीच्या दिशेनं चालत जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. माणूस मऊ. आई मला मारायला लागली की ते मध्ये यायचे नाहीत, पण नंतर माझ्या गालावर स्वतःचा गार तळवा ठेवून बसायचे. त्या तळव्याला तेलाचा आणि लोखंडाचा वास असायचा.

मंदिराला घंटा नव्हती. घंटा घ्यायची आमच्या मंडळीची ऐपत नव्हती आणि मंदिर घंटेशिवाय कसलं, हे आईचं म्हणणं. म्हणून वडिलांनी मुकादमाला विचारून स्टेशनातल्या भंगारातून रुळाचा एक झिजलेला तुकडा मिळवला. तो आणला स्टेशनावरच्या टांगेवाल्यानं. हा टांगेवाला मुसलमान, वडिलांचा दोस्त, काटक अंगाचा, थट्टेखोर. रुळाच्या वजनानं टांगा मागं कलला आणि घोडी पुढून उचलली गेली तेव्हा तो खाली उतरून घोडीला म्हणाला, “चल माय, किरिस्तावांचा देव हाय, जड असणारच.” आई सुद्धा हसली होती. तिघांनी मिळून तो तुकडा मंदिरासमोरच्या लिंबाला साखळीनं टांगला. आईनं पहिला हातोडा मारला. आवाज पार रामलिंगाच्या झाडीपर्यंत गेला असेल.

टांगेवाल्याची बायको तेव्हा नवी नवरी होती. पहिल्या खेपेला दिवस गेले आणि अन्नावरची वासना उडाली, तेव्हा आईनं तिला समोर बसवून, डोळे वटारून भाकरी खाऊ घातली होती. ती आईला अक्का म्हणायची. नाताळाला आमच्या करंज्या त्यांच्याकडं जायच्या, ईदेला त्यांच्या शेवया आमच्याकडं यायच्या. एवढं साधं होतं सगळं.

मग दिवस फिरले. निजामाचं राज्य राहणार की जाणार, यावरून गावंच्या गावं पेटायला लागली. निजामाच्या बाजूनं हत्यारबंद टोळ्या हिंडू लागल्या. त्या टोळ्यांचं नाव आईनं आमच्या घरात नंतर कधी उच्चारू दिलं नाही, म्हणून मीही इथं लिहीत नाही. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना सांगायची गरज नाही. दुसऱ्या बाजूची माणसं सरहद्दीपलीकडून, बार्शीकडून, येऊन चौक्या जाळायची, रूळ उखडायची. मधल्या मध्ये आम्ही. लोक जनावरं सोडून, दाण्याची पोती पुरून बार्शीकडं पळत होते. वडील म्हणाले, “आमी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आमाला कोण काय करतंय?”

टांगेवाला एके दिवशी खाकी कपडे आणि खांद्यावर पट्टा घालून दिसला. भीतीनं टोळीत गेला का हौसेनं, मला माहीत नाही. वडिलांनी त्याला स्टेशनात विचारलं तेव्हा तो नुसता हसला आणि घोडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

त्या उन्हाळ्यात ढोकीच्या बाजूला कुणीतरी रूळ काढून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी आमच्या वस्तीत आली. ते कुणाला शोधायला आले होते कोण जाणे, पण त्यांच्या म्होरक्याची नजर लिंबाकडं गेली. लिंबाला रूळ टांगलेला. तो हसला. मला ते हसू अजून दिसतं, कारण त्यात राग नव्हता. हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस हसतो तसं होतं.

“ये पटरी कां से आई रे?” त्यानं विचारलं.

वडील पुढं झाले. भंगारातला तुकडा आहे, मुकादमानं दिलाय, लढाईच्या आधीपासून इथंच आहे, हे त्यांनी हात जोडून सांगितलं. मुकादम तर कधीच बदलून गेला होता. मग वडिलांनी टोळीतल्या टांगेवाल्याकडं बोट केलं. “ह्याला इचारा साहेब. ह्येच्याच टांग्यातून आणलाय.”

म्होरक्यानं टांगेवाल्याकडं पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. टांगेवाल्यानं आपल्या बुटांकडं पाहिलं. ते बूट नवे होते. तो काही बोलला नाही. हो नाही, नाही नाही, काहीच नाही.

त्यांनी वडिलांचे दोन्ही हात त्या रुळाला त्याच्याच साखळीनं बांधले. आणि मंदिराच्या दारामागचा हातोडा आणून, ज्या हातांनी तू रूळ काढलेस ते हात, असं म्हणत बोटांवर मारायला सुरुवात केली. प्रत्येक घावाला घंटा वाजत होती. पलीकडच्या आळीतली म्हातारी माणसं घंटा ऐकून प्रार्थना आहे असं समजून घरातून निघाली होती आणि कोपऱ्यावर येऊन थिजली. आईला दोघांनी मागून धरलं होतं. तिनं एकाच्या मनगटाचा लचका तोडला, तेव्हा तिसऱ्यानं तिच्या पोटात बंदुकीचा दस्ता मारला आणि ती मातीत पडून तिथूनच टांगेवाल्याला हाका मारत राहिली. “बोल रं! बोल की! तूच आणलास, बोल!” वडील ओरडत होते, घंटा वाजत होती, आणि तो बुटांकडं बघत होता.

ते गेल्यावर आईनं साखळी सोडली. वडिलांच्या हातांकडं मी पाहिलं आणि परत पाहिलं नाही. जखमा चिघळल्या. मग धनुर्वात झाला. दातखीळ बसली, अंग कमानीसारखं मागं वळायचं, आणि तो मऊ माणूस बाजेवर असा आपटायचा की बाजेचा एक पाय निखळला. आई त्यांच्या छातीवर आडवी पडून त्यांना दाबून धरायची आणि कानात भजन म्हणायची. असेच ते गेले. तिच्या अंगाखालीच गेले.

मूठमाती देऊन घरी आलो त्या संध्याकाळी दिवा लागल्यावर आई म्हणाली, “प्रार्थना.” आम्ही गुडघ्यावर बसलो. प्रभूची प्रार्थना प्रत्येक ख्रिस्ती घरात रोज होते, झोपेत सुद्धा चुकत नाही. तिच्यात एक ओळ आहे: आम्ही जशी आमच्या अपराध्यांना क्षमा केली, तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची. आई ‘रोजची भाकर दे’ या ओळीपर्यंत आली आणि तिथून सरळ ‘मोहात पडू देऊ नको’ या ओळीवर गेली. क्षमेची ओळ तिनं गाळली. मला वाटलं दुःखात विसरली. मी सवयीनं ती म्हणाले. डोळे मिटलेले असतानाच माझ्या कानशिलात बसली. अशी बसली की कानात रात्रभर घूं घूं होत होतं.

“ह्या घरात त्येवढं म्हणायचं न्हाय,” ती म्हणाली.

“का?”

“म्या माफ केल्यालं न्हाय. देवापुढं खोटं बोलू?”

मला तेव्हा तिचा भयंकर राग आला. आज वाटतं, इतकं खरं बोलून प्रार्थना करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. पण तेव्हा राग आला, आणि कान दुखत होता. त्या रविवारी तिनं स्वतः हातोडा घेतला, वडिलांच्या रक्ताचे डाग धुतलेला, आणि घंटा वाजवली. आधी वाजवायची त्याहून जोरात.

पावसाळ्याच्या शेवटी हिंदुस्थानची फौज आत आली. त्याला लोक पोलीस ॲक्शन म्हणतात. थोड्याच दिवसांत टोळ्या पांगल्या. खाकी कपडे विहिरीत पडले. आम्हाला वाटलं संपलं. पण आता उलटी पाळी सुरू झाली. ज्यांची घरं जळली होती, ज्यांची माणसं मेली होती ते, आणि ज्यांचं काहीच गेलं नव्हतं असेही पुष्कळ, कुऱ्हाडी आणि काठ्या घेऊन निघाले. जो मुसलमान दिसेल तो. टोळीत होता की नव्हता, कोण विचारतो?

शनिवार होता. दुपारची वेळ. आई आणि मी मंदिर सारवायला गेलो होतो. वस्तीवर आमच्यात म्हणावं असं पुरुषमाणूस कुणी नव्हतं. ज्वारीच्या रानात गेले होते, किंवा गेलोय असं दाखवून लपले होते. स्टेशनाच्या बाजूनं गलका ऐकू आला. मग चिखल तुडवत टांगेवाल्याची बायको धावत आली. कडेवर तान्हं पोरगं, एका हातानं चालती पोरगी फरफटत. पोरीच्या पायात एकच चप्पल होती.

“अक्का!” ती इतकंच म्हणाली.

आईनं दार उघडलं, तिचं बखोट धरून तिला आत ओढलं, पोरीला झिंज्यांना धरून आत घेतलं. आईची माया पण अशीच असायची, खेचाखेचीची. मी खिडकीजवळच्या बाकावर चढून गजांतून बाहेर बघायला लागले. टांगेवाला मागून येत होता. तो मागं का राहिला, ते मला नंतर कळलं. टांग्याची घोडी जुंपलेली होती. लोक टांग्याला आग लावतील म्हणून त्यानं थांबून तिचे पट्टे सोडले आणि तिला पिटाळून दिलं. तेवढ्यात उशीर झाला.

तो पायरीपर्यंत आला. लिंबाखालून, त्या रुळाच्या शेजारून आला. अंगात बंडी, पायात काही नाही. लोक बोळाच्या तोंडाशी दिसायला लागले होते. आई दारात उभी होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं. या खेपेला खाली बघितलं नाही, सरळ तिच्या तोंडाकडं बघितलं.

“बाई,” तो म्हणाला.

मला खिडकीतून तो दिसत होता, आई दिसत नव्हती. मी फक्त दार लागलेलं ऐकलं. मग कडीचा आवाज. आणि नंतर, थोड्या वेळानं, एक जड आवाज, लाकूड लोखंडात बसल्याचा.

तो दाराला तळवे लावून उभा राहिला. थापा मारल्या नाहीत. जड आवाज झाला तेव्हा त्यानं हात काढून घेतले आणि वळून पायरीवर बसला, गाडीची वाट बघणारा माणूस बसतो तसा. पहिली काठी त्याच्या खांद्यावर बसली. मग मी बघू नये ते सगळं बघितलं. कुऱ्हाड लागल्यावर माणसाचं डोकं एकदम एका बाजूला जड होतं. तो एकदाही ओरडला नाही, ओरडत होते ते मारणारेच. आम्हाला रोज दळणाला हाक मारणारा एक शेजारी त्यात होता. त्याच्या हातात खुरपं होतं, आणि तो मेलेल्या माणसाला खुरप्यानं मारत होता, कारण आधी त्याला पुढं यायला जागाच मिळाली नव्हती.

मी बाकावरून पडले. आत वळून पाहिलं तर आई वेदीसमोर गुडघ्यावर, दोन्ही कानांवर हात दाबून. टांगेवाल्याची बायको कोपऱ्यात, दोन्ही पोरांची तोंडं आपल्या अंगात खुपसून. कुणी रडत नव्हतं.

दारावर धक्के बसले. “आत कोन हाय? उघडा!”

आई उठली. दाराशी गेली आणि थबकली. दाराला कडी तर होतीच, वर अडसर होता. तिनं त्या अडसराकडं असं पाहिलं की जणू तो तिला चावणार आहे. मग उचलून कोपऱ्यात ठेवला, हातोडा घेतला, कडी काढून फटीतच उभी राहिली. तिच्या पायाशी टांगेवाला पडला होता. त्याच्या रक्तात तिच्या पायाची बोटं बुडाली होती.

“आत देव हाय आन माझी लेकरं हायती,” ती म्हणाली. “पयला जो पायरी चढंल त्याचं टाळकं फोडीन.”

गर्दीतला एकजण म्हणाला, “चला रं. हिचा नवरा तर त्यांनीच मारलाय. ही कशाला कुणाला लपवील?”

आणि ते गेले. माझ्या बापाच्या मरणानं त्या दिवशी तीन जीव वाचले. हे वाक्य मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर चौथ्याचं सांगावं लागलं असतं.

टांगेवाल्याची बायको आमच्या घरी राहिली, तिचा भाऊ सोलापुराहून येऊन घेऊन जाईपर्यंत. आई त्या दिवसांत वेड्यासारखी कामाला लागली होती. पायरी घासली. शहाबादी फरशीच्या सांध्यात रक्त राहिलं म्हणून फरशीच उपटून उलटी बसवली. मला कारण नसताना मारलं, मग जवळ ओढून मारलं. आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत ती ओळ गाळत राहिली.

जाताना त्या बाईनं आईचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. “अक्का, माझी लेकरं तुमच्यामुळं जिती हायत.” आईनं हात असे झिडकारले की ती मागं कोलमडली.

त्यानंतर ती दरवर्षी नाताळात यायला लागली. गाडीतून उतरायची, शेवयांचा डबा घेऊन. आईचे हात डोळ्यांना लावायची. तिचा मुलगा मोठा झाला, सोलापुरात सायकली दुरुस्त करायला लागला. मुलीचं लग्न झालं. प्रत्येक बातमी ती आधी आईला सांगायची, आणि शेवटी तेच: तुमच्यामुळं. ती आल्यावर आईला जेवण जायचं नाही. ती गेल्यावर आई भांडी आपटायची, मला बोलायची, नातवंडांच्या पाठीत धपाटे घालायची. त्या बाईचे आशीर्वाद आईला वडिलांच्या मरणापेक्षा जास्त छळत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

लग्नानंतरही मी आईजवळच राहिले. माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा एका रविवारी तिनं सगळ्या मंडळीपुढं प्रभूची प्रार्थना म्हटली. आजीकडून शिकलेली. अर्थात क्षमेच्या ओळीशिवाय. तरुण पाळकसाहेब हसून म्हणाले, “बाळ, मधलं विसरलीस.”

आई बाकावरून उठली. तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते, आवाज नव्हता झाला. “पोर काय बी इसरली न्हाय. बसा खाली.” साहेब बसले. तिच्यापुढं भलेभले बसायचे.

घरी आल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. तुझं तू बघ, माझ्या पोरीच्या तोंडातून देवाची प्रार्थना का तोडतेस, म्हणाले. आबांना मारणारे कधीच मातीत गेले, आता कुणाला माफ करायचं राहिलंय? मला वाटलं आता मारेल. ती खाली बसली.

“आधी माफ करायची दानत नव्हती,” ती म्हणाली. “मग मागायचं तोंड न्हाय राह्यलं.”

मग तिनं मला ते सांगितलं, जे मला निम्मं माहीत होतं. कडी तिनं लावली. “कडीचं म्या देवाला सांगितलं. म्हनलं, भ्याले, हात चालला. पर अडसर? त्यो कोपऱ्यातनं उचलावा लागतो. दोनी हातांनी. मला उचलल्याचं ध्यानात न्हाय, इतकी आंधळी झाले व्हते रागानं. कडी भीतीनं लागती, पोरी. अडसर ठरवून घालावा लागतो.”

तो जड आवाज मीही ऐकला होता.

“त्या बाईला सांग मग,” मी शेवटी म्हणाले.

“ती माझ्या तोंडावर थुंकली तर बरं हुईल,” आई म्हणाली. “पर न्हाय थुंकली तर?”

आणखी बरीच वर्षं ती गप्पच राहिली. आई थकली, पाय सुजले, उठताना भिंत लागायला लागली. घंटा वाजवायला जायची मात्र. हातोडा दोन्ही हातांनी उचलायची आणि एकच ठोका मारून दम खात उभी राहायची. त्या वर्षी नाताळाच्या आदल्या दुपारी टांगेवाल्याची बायको आली, तीही आता वाकलेली. आम्ही अंगणात होतो. तिनं डबा खाली ठेवला आणि सवयीनं आईचे हात धरायला गेली. आईनं हात पाठीमागं घेतले.

“माझ्या हाताला हात लावू नगंस. तुझ्या नवऱ्यावर कडी ह्याच हातानं लावली. त्यो दारात उभा हुता. जागा हुती, टाइम हुता. म्या त्याच्याकडं बघितलं आन लावली. आन वर अडसर बी घातला.”

आमच्या कोंबड्या डब्याभोवती फिरत होत्या, त्यांना त्या बाईनं पायानं हाकललं.

“कडीचं मला ठाव हाय,” ती म्हणाली. “मी आतच व्हते की, अक्का. पर अडसर तुमी न्हाय घातला.”

“म्हंजे?”

“कडी ढिली व्हती. त्यानं ढकलली असती तर निघाली असती. आन लोक त्याच्या मागं व्हते. दार उघडलं असतं तर त्याच्यासंगं लेकरं गेली असती. म्या धाकट्याला खाली ठिवलं आन अडसर म्या घातला.” तिनं आपले दोन्ही तळवे पुढं केले, उताणे, जणू त्यांवर काही लिहिलं असावं. “त्याला आवाज ऐकू गेला असंल. त्याला कळलं असंल, ह्यो अडसर हाय. कुणी घातला ते न्हाय कळलं. तुमीच घातला असं समजून गेला.”

आईनं हात उचलला आणि तिच्या तोंडात मारली. जोर राहिला नव्हता, पण आवाज झाला. “इतकी वर्सं! इतकी वर्सं मला एकटीला जाळलंस, रांडे! आन येती, हात डोळ्याला लावती!”

ती बाई गालावर हात ठेवून तशीच बसली. “मी दुसऱ्या कुणाकडं जाऊ, अक्का?” ती म्हणाली. “त्या दाराच्या आत आजून कोण व्हतं?”

मग आईनं तिला धरलं. मिठी म्हणता येणार नाही; वडिलांना धनुर्वातात दाबून धरायची तसं धरलं, सगळं अंग टाकून. दोघी म्हाताऱ्या मातीत बसल्या आणि मोठमोठ्यानं रडल्या. माझ्या सुनेला वाटलं कुणी गेलं. ती आतून धावत आली.

संध्याकाळी दिवा लागला. पाहुणी भिंतीला टेकून बसली होती. आई गुडघ्यावर बसू शकत नव्हती, ती बाजेवर बसली, मुठी आवळून. आम्ही सगळे, पोरं, नातवंडं, प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो. भाकरीच्या ओळीनंतर मुलं नेहमीसारखी पुढं गेली आणि आईचा आवाज मागं राहिला. ती थांबली होती. तिच्या ओठांत ती ओळ यायला बघत होती आणि तिला शब्द आठवत नव्हते. इतकी वर्षं न म्हटल्यानं ती ओळ ती खरोखरच विसरली होती. तिनं घाबरून माझ्याकडं बघितलं.

मी पहिला शब्द सांगितला. मग दुसरा. ती माझ्यामागून एकेक शब्द म्हणत गेली. मुलं गप्प झाली, कारण त्यांना ती ओळ येत नव्हती.